ध्रुवीय नोंदींतली ‘मित्येल’: पार्श्वभूमी

उत्तर ध्रुवाजवळ तरंगत्या बर्फाच्या लादीवर पहिले सोव्हिएत संशोधन केंद्र १९३७च्या मे महिन्यात उभे राहिले. पुढे १९५४पासून १९९१पर्यंत अशी केंद्रे सलग चालली. लादी फुटायला लागली की मुक्काम दुसऱ्या लादीवर हलायचा. तापमान, वारा, हिम यांच्या नोंदी अर्थातच रशियनमध्ये होत. शीतयुद्ध संपल्यावर रशिया आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून २००० साली आर्क्टिक हवामानाचा ॲटलस काढला, आणि रशियन शब्द इंग्रजीत कसे आणायचे हा इतकी वर्षे मागे पडलेला प्रश्न खऱ्या अर्थाने समोर आला.

काही शब्दांचा त्रास नव्हता. ‘पोलिन्या’ (समुद्री बर्फातले मोकळे पाणी) आणि ‘सास्त्रुगी’ (वाऱ्याने हिमावर कोरलेल्या वरंब्या) इंग्रजीत केव्हाच रुळले होते. ‘प्रिझेम्नी’, म्हणजे हवेचा जमिनीलगतचा थर, याला १९५९च्या एका गाजलेल्या भाषांतरात ‘ग्राउंड लेयर’ म्हटले होते; आता सगळे ‘सरफेस लेयर’ म्हणतात. खाली जमीन नसून समुद्रावरचा बर्फ असला तरी त्याने काम भागते.

खरा घोळ ‘मित्येल’चा, म्हणजे वाऱ्याने उडणाऱ्या हिमासाठीच्या रशियन शब्दाचा. वाऱ्याने हिम उडत असेल तर रशियन निरीक्षक तीन गोष्टी वेगळ्या नोंदवतो. हिम पायांशीच सरपटत असेल तर ‘पाझ्योमक’. डोळ्यांच्या उंचीच्या वर उठले, पण आभाळातून काही पडत नसेल, तर ‘निझवाया मित्येल’. तेव्हा डोक्यावर निळे आकाशही असू शकते. वरून हिम पडत असतानाच वारा ते उधळत असेल तर ती ‘ओब्श्चाया मित्येल’. पहिल्या दोन प्रकारांना इंग्रजीत ‘ड्रिफ्टिंग स्नो’ आणि ‘ब्लोइंग स्नो’ हे नेमके शब्द आहेत. तरीही शब्दकोशात ‘मित्येल’पुढे सरसकट ‘स्नोस्टॉर्म’ किंवा ‘ब्लिझर्ड’ लिहिलेले सापडते. हे चूकच आहे. अमेरिकन व्याख्येत ब्लिझर्डला ताशी ३५ मैलांचा वारा किंवा झोत, पाव मैलाहून कमी दृश्यमानता आणि हे सगळे तीन तास टिकणे, अशा अटी आहेत. ‘मित्येल’ला यातली एकही अट नाही.

याचा फटका हिमवृष्टीच्या आकड्यांना बसतो. जोराच्या वाऱ्यात पडणारे हिम मापकाच्या, म्हणजे हिम मोजायच्या भांड्याच्या, तोंडावरून निघून जाते आणि नोंद कमी भरते. उलट निझवाया मित्येल असताना जमिनीवरचे जुने हिम उडून मापकात शिरते आणि न झालेली हिमवृष्टी वहीत चढते. एकीकडे आकडा वाढवायचा, दुसरीकडे कमी करायचा. आणि त्या दिवशी यातले काय करायचे, हे निरीक्षकाने लिहिलेल्या त्या एका शब्दावरून कळते.