पार्श्वभूमी: ‘कोल्हापूर’मधला ‘पूर’ आणि सीमधल्या स्ट्रिंग्जची जागा

कोल्हापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या सी कंपायलरवर बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम घरच्या उबंटू लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने बांधला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन आडवा होतो. अशा वेळी आधी एक जागा पाहावी: कॅरॅक्टर पॉइंटरला (अक्षराचा मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलाला) थेट अवतरणातली स्ट्रिंग दिलीय आणि पुढे तिचंच अक्षर बदललंय का? टर्बो सी ती स्ट्रिंग डेटा सेगमेंटमध्ये, म्हणजे चलांसाठीच्या मेमरीत ठेवतो आणि डॉसच्या रिअल मोडमध्ये तिथे लिहायला अडवणारं कुणी नसतं.

सी भाषेच्या १९७८ च्या व्याख्येत हे चालत होतं. तोच मजकूर दोनदा लिहिला, तर दोन वेगळ्या प्रती.

१९८९ च्या प्रमाणाने, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीने, दोन्ही गोष्टी फिरवल्या. एकच प्रत ठेवायला मुभा दिली आणि स्ट्रिंग बदलण्याचा परिणाम अनिश्चित ठरवला. घोळ झाला तो स्ट्रिंगच्या प्रकारात (डेटा टाइपमध्ये). ‘कॉन्स्ट’ हा ‘बदलू नये’ असं सांगणारा शब्द भाषेत तेव्हाच येत होता. स्ट्रिंगला तो लावला असता, तर साधा कॅरॅक्टर पॉइंटर घेणाऱ्या ढीगभर जुन्या फंक्शन्सवर कंपायलर ओरडला असता. म्हणून बंदी घातली, प्रकार मात्र साध्या कॅरॅक्टरांचा अॅरेच ठेवला. ‘आत येऊ नये’ ही पाटी दाराच्या आतल्या बाजूला लावल्यासारखं! वर्गात सर्रास म्हणतात ते ‘स्ट्रिंग कॉन्स्टंट’ इथेच फसवं ठरतं, कारण कंपायलरच्या लेखी ती कॉन्स्ट नाहीच. सी++ने १९९८ मध्ये ती कॉन्स्ट केली, २०११ मध्ये उरलेली सवलतही काढली. सी अजून तिथेच आहे. जीसीसीचा इशारा हवा असेल तर ‘राइट-स्ट्रिंग्ज’ (-Wwrite-strings) हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. नेहमीचे इशारे एकदम सुरू करणाऱ्या ‘वॉल’मध्ये (-Wall) तो येत नाही. स्ट्रिंग्ज लिहिण्याजोग्या ठेवणारा जुना पर्याय जीसीसीच्या २००५ च्या ४.० आवृत्तीत गेला.

लिनक्सवर या स्ट्रिंग्जचा मुक्काम ‘रोडेटा’ (.rodata) या फक्त वाचण्याजोग्या विभागात, म्हणून तिथे लिहायला गेलं की प्रोग्रॅम आडवा होतो. एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरांवर २०१८ पर्यंत तो बहुधा कोडच्याच सेगमेंटमध्ये असे, म्हणजे स्ट्रिंगचे बाइट चालवताही येत. बिनयुटिल्स (लिंकर असलेला साधनसंच) २.३१ पासून त्याला मेमरीची वेगळी पानं मिळाली.

‘कोल्हापूर’ यूटीएफ-८ या अक्षरसांकेतिकीत २७ बाइट, स्ट्रिंग संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य धरून २८. त्याच प्रोग्रॅममध्ये ‘पूर’ अशी दुसरी स्ट्रिंग असली आणि ओ-२ (-O2, कोड सुधारणारा पर्याय) लावून बांधलं, तर लिंकर (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारं साधन) तिला स्वतंत्र जागा देत नाही. तिचा पॉइंटर ‘कोल्हापूर’च्या सुरुवातीपासून १८ बाइट पुढे नेऊन ठेवतो. इथे लिहू दिलं असतं, तर ‘पूर’ बदलताना गावाचं नावही बदललं असतं. बदलायचीच असेल तर पॉइंटरऐवजी अॅरे घ्यावा. २८ बाइटची स्वतःची प्रत मिळते.