परदेशी साप पाळण्यासाठी नोंदणी : मिल्क स्नेक आणि बॉल पायथनच्या बाबतीत पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

परदेशी जातीचा साप घरी पाळण्यासाठी भारतात कोणती परवानगी लागते, हे त्या सापाच्या जातीवर ठरते. आफ्रिकेतील बॉल पायथन आणि अमेरिका खंडातील मिल्क स्नेक हे दोन्ही बिनविषारी साप आहेत आणि दोन्ही जगभर छंद म्हणून पाळले जातात. तरीही आपल्या कायद्यानुसार बॉल पायथनची नोंदणी सक्तीची आहे, तर मिल्क स्नेकचे नाव नोंदणी करावयाच्या प्राण्यांच्या यादीत नाही. या फरकामुळे मिल्क स्नेक कोठूनही आणला तरी हरकत नाही, असा समज होऊ शकतो आणि तो धोकादायक आहे. साप कायदेशीर मार्गाने देशात आला किंवा देशातच कायदेशीररीत्या जन्मला, हे दोन्ही जातींच्या बाबतीत सिद्ध करता यावे लागते. त्यामुळे कागदपत्रांची तपासणी साप घरी आणण्यापूर्वी व्हायला हवी.

देशी सापांसाठी असा कोणताही मार्ग उपलब्ध नाही. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ यांसारखे आपल्याकडील साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि हौसेसाठी ते पाळण्याची परवानगी खासगी व्यक्तीला मिळत नाही. गुप्तधन सापडते किंवा भरभराट होते अशा अंधश्रद्धेपोटी मांडुळाची तस्करी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली आहे. असा साप ‘परदेशी सँड बोआ’ म्हणून कोणी देऊ केला, तर तो घेणाराही गुन्ह्यात सापडतो. घरात निघालेला साप पकडणाऱ्या सर्पमित्रालाही तो स्वतःकडे पाळता येत नाही. वन विभागाला कळवून तो योग्य अधिवासात सोडावा लागतो.

नोंदणी कोणाला सक्तीची आहे

वन्यजीव अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली आणि चौथ्या अनुसूचीत ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील प्रजातींचा समावेश केला. धोक्यातील वन्य प्राणी आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा हा करार १९७५ साली अमलात आला आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. याच दुरुस्तीतील कलम ४९-एम प्रमाणे, चौथ्या अनुसूचीतील जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे अशा प्रत्येक व्यक्तीने त्याची माहिती प्राधिकृत अधिकाऱ्याला देऊन नोंदणी प्रमाणपत्र घेणे आवश्यक आहे. त्याची तपशीलवार पद्धत केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित केलेल्या जिवंत प्राणी प्रजातींच्या माहिती व नोंदणीविषयक नियमांत दिली आहे.

अजगर कुलातील सर्व साप, म्हणजे बॉल पायथनही, सायटीसच्या परिशिष्टांत येतात. बोआ कन्स्ट्रिक्टर आणि ग्रीन ट्री पायथन यांनाही हीच सक्ती लागू आहे. मिल्क स्नेक, किंग स्नेक आणि कॉर्न स्नेक या परिशिष्टांत नाहीत. मात्र परिशिष्टे आणि अनुसूची वेळोवेळी बदलतात, म्हणून खरेदीच्या वेळी शास्त्रीय नावानिशी यादी पुन्हा पाहावी. व्यापारी नावावर विसंबू नये, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या जाती विकल्या जातात. शिवाय पूर्वी मिल्क स्नेकच्या उपजाती मानल्या गेलेल्या सापांपैकी काहींना आता स्वतंत्र जाती समजले जाते.

ओळखीचा प्रश्न सुरक्षिततेशीही जोडलेला आहे. मिल्क स्नेकच्या अनेक प्रकारांवर लाल, काळे आणि पिवळे किंवा पांढरे पट्टे असतात आणि ते अमेरिकेतील विषारी कोरल स्नेकसारखे दिसतात. आपल्याकडे बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांच्यात होते तशीच ही गफलत आहे. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेली असते. परदेशी विषारी सापाच्या दंशावर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून जातीविषयी जरा जरी शंका असली, तर सरीसृपांच्या जाणकाराने प्रत्यक्ष पाहून खात्री दिल्याशिवाय साप स्वीकारू नये.

अर्जाची पद्धत

नोंदणीचा अर्ज केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाच्या ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर ऑनलाइन करावा लागतो. तो संबंधित राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे, तर गोव्यातील रहिवाशांचा अर्ज गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. नियम लागू झाले तेव्हा ज्यांच्याकडे असे प्राणी होते, त्यांना २८ ऑगस्ट २०२४ पर्यंतची सहा महिन्यांची मुदत होती. त्यानंतर ज्याच्या ताब्यात असा प्राणी येईल, त्याने तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा आहे. हे दिवस ताबा मिळाल्यापासून मोजले जातात. साप घरी आणून तो खातो की नाही हे पाहण्यात पहिले काही आठवडे जातात आणि मुदत नकळत संपते. तेव्हा ताबा घेतला त्याच आठवड्यात अर्ज भरणे उत्तम.

अर्ज भरायला बसण्यापूर्वी अर्जदाराची ओळख आणि पत्ता यांचे पुरावे, प्राणी जेथे ठेवला आहे त्या जागेचा तपशील, सापाचे प्रचलित आणि शास्त्रीय नाव, संख्या, वय, लिंग, ओळखीच्या खुणा आणि स्पष्ट छायाचित्रे जवळ ठेवावीत. बॉल पायथनच्या अंगावरील नक्षी प्रत्येक सापात वेगळी असते. त्यामुळे डोके, पाठीचा संपूर्ण भाग आणि पोट यांची उजेडात काढलेली छायाचित्रे पुढे हाच तो साप हे दाखवण्यासाठी फार उपयोगी पडतात.

सर्वांत जास्त काळजी मात्र सापाच्या उगमाच्या पुराव्याची घ्यावी. तो साप या अधिनियमाचा भंग करून मिळवलेला नाही, याची खात्री पटली तरच अधिकारी प्रमाणपत्र देऊ शकतात, असे कायद्यात स्पष्ट आहे. नोंदणीमुळे अवैध साप वैध होत नाही. आयात केलेल्या सापासाठी सायटीसची निर्यात आणि आयात कागदपत्रे, परदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि सीमाशुल्क विभागाची कागदपत्रे लागतात. देशात जन्मलेल्या सापासाठी त्याच्या आईवडिलांची नोंदणी आणि पैदास करणाऱ्याने दिलेले हस्तांतरणाचे कागद हवेत. सायटीसच्या परवान्यावर उगम दाखवणारे अक्षर असते : ‘सी’ म्हणजे बंदिवासात पैदास झालेला आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे निसर्गातून पकडलेला प्राणी. ते अक्षर नक्की पाहावे, आणि माझे आग्रहाचे सांगणे असे की निसर्गातून पकडलेला साप कागदोपत्री वैध असला तरी घेऊ नये. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये परदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा घोषणेची योजना आणली होती. तिच्यात मुदतीत घोषित केलेल्या प्राण्याचे त्या वेळचे प्रमाणपत्र असल्यास तेही अर्जासोबत जोडावे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर जबाबदारी संपत नाही. साप दुसऱ्याला दिला, त्याची पिल्ले झाली किंवा तो मेला, तर प्रत्येक घटना नियमांत दिलेल्या मुदतीत कळवावी लागते, आणि नव्या मालकाला आपल्या नावाने स्वतंत्र नोंदणी करावी लागते. मृत्यूच्या प्रसंगी साप परस्पर पुरून टाकू नये. पशुवैद्यकाकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा. या अधिनियमाच्या सर्वसाधारण दंडतरतुदीप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मिल्क स्नेक घेणाऱ्याने काय जपून ठेवावे

मिल्क स्नेकसाठी वरील अर्ज लागत नसला तरी जिवंत सरीसृपांच्या आयातीवर निर्बंध आहेत. परवान्याशिवाय, आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणि प्राणी विलगीकरण केंद्राच्या तपासणीशिवाय आणलेला साप सीमाशुल्क अधिनियम, १९६२ खाली जप्त होतो. प्रवाशाच्या सामानातून साप आणण्याचा कोणताही वैध मार्ग नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे खाद्यपदार्थांच्या पाकिटांत लपवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. असे कोंबून आणलेले प्राणी वाटेतच मरू शकतात, आणि जे जगतात ते कागदांशिवाय बाजारात येतात. विक्रेता समाजमाध्यमावर फक्त छायाचित्र आणि किंमत सांगत असेल आणि पावती मागताच विषय बदलत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. दुकानातून घ्यायचे झाल्यास २०१८ च्या प्राणी विक्री दुकानांविषयीच्या नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का ते पाहावे. शास्त्रीय नाव, तारीख आणि मूळ आयातीचा किंवा पैदाशीचा उल्लेख असलेली पावती घ्यावी आणि साप जिवंत असेपर्यंत ती जपावी. हा काळ पंधरा वर्षांहूनही अधिक असू शकतो.

साप ठेवण्याची आणि हाताळण्याची तयारी

सापाची जबाबदारी घेणाऱ्याने पिंजऱ्याची व्यवस्था आधी पूर्ण केलेली असावी. मिल्क स्नेक दुसऱ्या सापांनाही खातो, म्हणून प्रत्येक साप स्वतंत्र ठेवावा. पिल्ले पेन्सिलीएवढी बारीक असतात आणि अगदी लहान फटीतूनही निसटतात. झाकणाला कडी असणे अत्यावश्यक आहे. पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरी त्याहून थंड असावी. उष्णता देणाऱ्या उपकरणांविषयी परदेशी पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते, पण विदर्भात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो तेव्हा खरी गरज खोली थंड ठेवण्याची असते. कोकणातील पावसाळ्यात तळाचा थर सतत ओला राहिला तर कातडीचे विकार होतात.

हा साप चपळ असतो आणि दिवसा लपून राहणे पसंत करतो. नवीन सापाला पहिला आठवडाभर हात लावू नये. जेवणानंतर किमान दोन दिवस आणि कात टाकण्यापूर्वी डोळे दुधी दिसू लागल्यावर त्याला उचलू नये. उचलताना शरीराला दोन ठिकाणी आधार द्यावा, शेपटी किंवा मान धरून लटकवू नये, आणि त्याने दुर्गंधी स्राव सोडला तर तो घाबरला आहे असे समजून परत ठेवावे. त्याचे अन्न म्हणजे योग्य आकाराचे उंदीर. ते गोठवलेले आणून पूर्ण वितळवून द्यावेत. दूध कोणत्याही सापाला देऊ नये. सरीसृपांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना साप हाताळू देऊ नये.

पेटीतून साप निसटला किंवा पुढे पाळणे अशक्य झाले, तर तो शेतात, नाल्यात किंवा जंगलात कदापि सोडू नये. तो तेथे उपाशी मरतो किंवा आपल्याबरोबरचे रोग आणि परजीवी स्थानिक सापांत पसरवतो. साप हरवल्यास शेजाऱ्यांना तो बिनविषारी असल्याचे सांगून छायाचित्र द्यावे, आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर आपल्याजवळच्या कागदपत्रांच्या तपशिलासह कळवावे. नोंदणीची मुदत चुकलेल्या मालकानेही साप दडवून ठेवण्यापेक्षा वकिलाचा सल्ला घेऊन उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच घ्यावी.