वीस सेकंदांचा श्वास

"श्वास घ्या, आता रोखून धरा." एमआरआयच्या बोगद्यात ही सूचना आली की पुढची वीसेक सेकंद लांबलचक वाटतात. यकृतातली चरबी मोजताना साधारण एवढाच वेळ श्वास रोखावा लागतो. मधेच श्वास सुटला तर यकृत हलतं, प्रतिमा फिसकटते आणि चरबीचा आकडा भरवशाचा राहत नाही. यकृतात चरबी साठण्याचा धोका स्थूल माणसांना जास्त, आणि धापही अनेकदा त्यांनाच लवकर लागते. म्हणून हा वेळ कमी करणं मला निव्वळ सोयीचं काम वाटत नाही.

वेळ लागतो कशात? पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन एकाच चुंबकात किंचित वेगळ्या गतीने गिरक्या घेतो. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात हा फरक सेकंदाला सुमारे २२० गिरक्यांचा. त्यामुळे दोघांचे सिग्नल कधी एकमेकांत मिळतात, तर जेमतेम २.३ मिलिसेकंदांनी एकमेकांना खोडू लागतात. या दोन क्षणांच्या प्रतिमांची बेरीज केली की पाणी कळतं, वजाबाकी केली की चरबी. ही युक्ती संशोधक डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडली. आता बहुधा सहा क्षण टिपतात, कारण चरबीची गती एकच नसते आणि यकृतातलं लोह सिग्नल लवकर विझवतं.

हे सहा क्षण मिलिसेकंदांत उरकतात. पण संपूर्ण यकृताची प्रतिमा उभी करायला तेच मोजमाप हजारो वेळा करावं लागतं. मग काही मोजमापं गाळायची आणि पोटावरच्या अनेक कॉइलना (सिग्नल टिपणाऱ्या वेटोळ्यांना) वेगवेगळ्या कोनांतून जे 'दिसलं', त्यावरून गणिताने ती भरून काढायची. मोजमापं निम्मी केली की प्रतिमेतली खरखर निदान १.४ पट होते. सुमारे पाच टक्क्यांच्या पुढे चरबी जास्त मानतात, त्यामुळे त्या सीमेजवळ ही खरखर महागात पडू शकते. इथे प्रतिमेचे काप जाड घेऊन खरखर कमी करणं मला शहाणपणाचं वाटतं. आपल्याला बारीक गाठ शोधायची नाही, चरबीचं प्रमाण हवंय.

रोखण्याचा वेळ घटला की आणखी एक वाट खुलते: श्वास सोडून थांबण्याची. तसं थांबणं अवघड असतं, पण यकृत दर वेळी जवळपास त्याच जागी येतं.