फसलेले अपग्रेड आणि अडकलेली जागा

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम नव्या आवृत्तीवर नेताना काम मध्येच फसले, तर मागे राहिलेल्या फायली काढून डिस्कवरची जागा परत मिळवावी लागते. ठाण्यात किंवा वाशीत दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक एवढेच सांगते, ‘सी ड्राइव्ह लाल झालाय.’ १० टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोजमधली पट्टी खरोखरच लाल होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवण्याचा प्रश्न घरोघरी आला. नव्या आवृत्तीसाठी किमान ६४ जीबीची डिस्क पुरते असे कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात १२८ जीबीची भरत आलेली एसएसडीसुद्धा अपुरी पडू शकते.

याचे कारण अपग्रेडच्या रीतीत आहे. नौपाड्यात पुनर्विकासाला गेलेली इमारत आधी पाडतात, मग त्याच जागी नवी उभी राहते. इथे क्रम उलटा. नवी सिस्टिम उभी राहून चालू लागेपर्यंत जुनी पाडत नाहीत. ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात हलवतात. थोडक्यात, दोन इमारती काही काळ एकाच प्लॉटवर असतात. वीज गेली, एखादा ड्रायव्हर (प्रिंटरसारखे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) अडला किंवा जागाच संपली, तर जुनी सिस्टिम पुन्हा जागेवर येते, पण बांधकामाचे सामान तिथेच पडून राहते. हे सामान म्हणजे डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे दोन लपवलेले फोल्डर. एकाच्या नावाशेवटी बीटी, दुसऱ्याच्या डब्ल्यूएस. दोन्ही मिळून कित्येक जीबी सहज अडवतात.

हे फोल्डर हाताने डिलीट करायला गेले की परवानगी नाकारली जाते आणि माणूस चिडतो. सरळ मार्ग ‘डिस्क क्लीनअप’चा: त्यात ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबून तात्पुरत्या इन्स्टॉलेशन फायलींवर खूण करायची. त्याआधी बीटी फोल्डरातल्या ‘पँथर’मधले लॉग (कामाच्या नोंदींच्या फायली) बाजूला काढून ठेवावेत, कारण अपग्रेड का फसले हे तिथेच लिहिलेले असते. ८००७००७० हा एरर असेल तर उत्तर साधे आहे, डिस्कवर जागा नव्हती. विंडोज आपले घटक जिथे साठवते त्या ‘विनएसएक्सएस’ फोल्डरचा आकार पाहून मात्र घाबरू नये. त्यातल्या अनेक फायली हार्ड लिंकमुळे, म्हणजे एकच फाइल दोन जागी दिसण्याच्या सोयीमुळे, दोनदा मोजल्या जातात, आणि तो फोल्डर हाताने रिकामा केला तर सिस्टिमच बंद पडते.

मॅकवर ॲप्लिकेशन्समध्ये राहिलेला इन्स्टॉलर एकटाच १० जीबीच्या वर असू शकतो. टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीचे स्थानिक स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कवरच ठेवलेल्या प्रती, साधारण २४ तासांत आपोआप जातात. उबुंटू या लिनक्स सिस्टिममध्ये ‘एपीटी क्लीन’ आणि ‘ऑटोरिमूव्ह’ या दोन आज्ञांनी बरेच भागते. जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) साचून ‘बूट’ पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग) भरणे हे तिथले नेहमीचे दुखणे.

दुकानातला ठरलेला उपाय वेगळा: ‘फॉरमॅट मारून देतो.’ नुसत्या जागेसाठी त्याची गरज क्वचितच असते. खरोखर फॉरमॅट केले तर सगळेच गेले. पण डिस्क न पुसता त्याच पार्टिशनवर नवी विंडोज टाकली, तर जुना संसार ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये सापडतो. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्याचा टॅलीचा डेटा पब्लिक फोल्डरमध्ये असेल, तर तो तिथल्या ‘यूजर्स’मध्ये पाहावा. डीटीपीवाल्यांचे श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट तिथल्याच ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये असतात, ते नसले की जुन्या मराठी फायली उघडतात, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. विंडोज हा जुना फोल्डर साधारण १० दिवसांनी स्वतःच काढून टाकते, म्हणून ही शोधाशोध त्याच्या आत उरकावी लागते.