लोकधुनांच्या शीर्षकांतील व्यक्तिनामे

आयर्लंड व स्कॉटलंडच्या रील, जिग, हॉर्नपाइप, स्ट्रॅथस्पे या शब्दविरहित नृत्यधुनांना मिळालेली माणसांची नावे. गाण्याला बहुधा त्याच्या एखाद्या ओळीवरून नाव पडते. इथे ओळच नसते, त्यामुळे नाव सुरांतून निघत नाही. ‘मिस मॅक्लाउड’ ही धून ऐकताना त्या बाईंचा स्वभाव शोधणे व्यर्थ आहे. धून कोणाच्या सन्मानार्थ बांधली, कोणाकडून हाती आली किंवा कोणाच्या वादनाने पसरली, एवढेच नाव सांगते. ते रचनाकाराचे असेलच असे नाही.

सर्वांत जुना ठळक थर आश्रयदात्यांचा. अंध हार्पवादक टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) जमीनदारांच्या घरी मुक्काम करत फिरे आणि यजमानाच्या किंवा त्याच्या घरातील कोणाच्या नावाने धून बांधी. ‘फॅनी पॉवर’, ‘जॉर्ज ब्रेबॅझन’, ‘प्लँक्सटी अर्विन’ (प्लँक्सटी म्हणजे कोणाच्या सन्मानार्थ बांधलेली धून) ही त्यांतलीच. स्कॉटलंडमध्ये फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारा नील गाऊ (१७२७–१८०७) याला ड्यूक ऑफ ॲथॉलचा आधार होता, तर विल्यम मार्शल (१७४८–१८३३) ड्यूक ऑफ गॉर्डनच्या चाकरीत होता. मार्शलच्या ‘मिस ॲडमिरल गॉर्डन्स स्ट्रॅथस्पे’ या शीर्षकातील ॲडमिरल ही मुलीची नव्हे, वडिलांची पदवी. त्या काळी धुनांचे संग्रह आगाऊ वर्गणीवर निघत, म्हणून प्रतिष्ठित घराण्याचे नाव शीर्षकात असणे प्रकाशकाच्याही सोयीचे होते. मार्शलच्या काही धुना गाऊ कुटुंबाच्या संग्रहांत वेगळ्या नावांनी छापल्या गेल्या. शीर्षकांत ‘मिस’ आणि ‘मिसेस’ इतक्या भेटतात त्याचे कारणही याच प्रथेत आहे. त्या स्त्रिया बहुतेक वेळा सन्मान स्वीकारणाऱ्या म्हणून तिथे आहेत, वादक म्हणून नव्हे. या नावांवरून स्त्रियांच्या वादनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

धून प्रदेश ओलांडते तेव्हा नाव झिजते किंवा गळून पडते. गाऊंच्या संग्रहातील ‘मिसेस मॅक्लाउड ऑफ रासी’ आयर्लंडमध्ये ‘मिस मॅक्लाउड’ झाली. रासी बेटाचा उल्लेख गेला आणि विवाहितेची कुमारी झाली. ‘लॉर्ड मॅकडॉनल्ड’ ही रील अमेरिकेत ‘लेदर ब्रिचेस’ म्हणून वाजते. ज्या नाचणाऱ्यांना त्या लॉर्डशी काहीच देणेघेणे नव्हते, त्यांनी त्याचे नाव जपण्याचे कारणही नव्हते.

दुसरा थर वादकांचा. ‘गॅरेट बॅरीज जिग’ आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील अंध पायपर (बॅगपाइपच्या जातीचे वाद्य वाजवणारा) गॅरेट बॅरी (१८४७–१८९९) याच्या नावाने ओळखली जाते. एखाद्याकडून शिकलेली धून त्याचीच म्हणून सांगायची, ही रीत स्मरणासाठी उपयोगी आणि गुरूचा मान राखणारीही आहे. मला ती छापील संग्रहाच्या अनुक्रमणिकेपेक्षा विश्वासार्ह वाटते, कारण तीत निदान धून कोणत्या वाटेने आली ते तरी कळते.

छपाईने नावे स्थिर केली. १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचे पोलीसप्रमुख असलेले, मूळचे आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील फ्रान्सिस ओ’नील यांनी १९०३ मध्ये १,८५० धुनांचा आणि १९०७ मध्ये १,००१ नृत्यधुनांचा संग्रह काढला. तेथे छापले गेलेले नाव पुढे पुष्कळांसाठी अधिकृत ठरले. तरीही एकाच धुनेची अनेक नावे आणि एकाच नावाच्या अनेक धुना हा गुंता सुटला नाही.

त्यानंतर ध्वनिमुद्रिका आल्या. तबकडीच्या लेबलवर काहीतरी छापावेच लागे, पण तेही टिकेल याची खात्री नसे. आयर्लंडमधील स्लायगोचे फिडलवादक जेम्स मॉरिसन (१८९३–१९४७) यांना एक जिग अकॉर्डियनवादक टॉम कार्मडी यांच्याकडून मिळाली. कार्मडी तिला ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’ म्हणत. न्यूयॉर्कमध्ये ती मुद्रित झाली तेव्हा लेबलवर कार्मडींच्या वडिलांच्या नावाने ‘मॉरिस कार्मडीज फेव्हरिट’ असे आले. आज जगभर तिला ‘मॉरिसन्स जिग’ म्हणतात. मॉरिसन यांनी ती रचली नव्हती आणि तिला स्वतःचे नावही दिले नव्हते. ऐकणाऱ्यांनी ती त्यांच्या हातून ऐकली, एवढेच.

नाव मुळीच ठाऊक नसेल तर आयरिश संगीतकार ‘गान आनिम’, म्हणजे निनावी, असे लिहितात. पूर्व गॉलवेचे फिडलवादक पॅडी फाही यांनी तर आपल्या रचनांना नावेच दिली नाहीत. त्यामुळे त्यांच्या रील आणि जिग सगळ्या ‘पॅडी फाहीज’ म्हणूनच ओळखल्या जातात, आणि त्यांतली नेमकी कोणती हे सांगायला वादकाला सुरुवातीचे काही सूर वाजवून दाखवावे लागतात.