सड्यांवरील जांभळी रानफुले

सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या खडकाची सपाट पठारे आहेत. त्यांना सडे म्हणतात. पावसाळा सरत येतो तसे हे सडे देशी फुलांनी भरतात आणि त्यांत निळसर ते गुलाबी झाकेच्या जांभळ्या फुलांचा वाटा मोठा असतो. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ कि.मी. वरचे कास हे यांतले सर्वांत नावाजलेले पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

ओळख पटवताना रंगावर भिस्त ठेवू नये. मोबाइलच्या फोटोत निळे आणि जांभळे हमखास एकमेकांत मिसळतात. पाकळ्या किती, फुलामागे शेपटीसारखी शुंडिका आहे का, झाड डबक्यात उभे आहे की भेगेत, हे आधी पाहावे.

‘सीतेची आसवं’ (युट्रिक्युलेरिया) पाहायला गुडघे टेकावे लागतात. बोटभर, काडीसारख्या दांड्यावर दोन ओठांचे फूल असते: वरचा ओठ लहान, खालचा पसरट, त्यावर पांढरा ठिपका आणि मागे शुंडिका. पाने जवळजवळ दिसतच नाहीत. ओल्या मातीतल्या तंतूंवर मात्र सूक्ष्म पिशव्या असतात. पाण्यातला बारीक जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसाला लागला की तिचे झाकण आत उघडते आणि तो पाण्यासकट ओढला जातो. नाव हळवे, धंदा शिकाऱ्याचा! शुंडिका तेरड्यालाही असते, पण त्याचे खोड रसाळ, पाने ठसठशीत आणि पिकलेले बोंड हात लागताच फुटते.

डबक्याच्या काठाने जांभळा गालिचा पसरला असेल तर ती बहुधा जांभळी मंजिरी. ती तुळशीच्या कुळातली असून तिच्या पुंकेसरांवर जांभळे केस असतात. निलवंतीचे पुंकेसरही केसाळच, पण तिच्या पाकळ्या तीन. पाण्यात उभा, टोकाशी दुभंगलेला तुरा दिसला तर तो वायतुरा. इंग्रजी ‘वाय’सारखा म्हणून वायतुरा.

कारवीचे गणित वेगळे. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. त्यामुळे एरवी तिला पानांवरूनच ओळखावे लागते: समोरासमोर, मोठी, खरखरीत, दातेरी काठाची. तिच्या काठ्यांचे कूड घालून घरांच्या भिंती उभारत, म्हणून फूल न पाहिलेल्यांनाही कारवी ठाऊक असते. टोपली कारवीचे झुडूप पालथ्या टोपलीसारखे गोल दिसते.

जांभळे म्हणजे इथलेच, असेही नाही. रस्त्याकडेची ओसाडी आणि रानतुळस, तळ्यांतली जलपर्णी या तिन्ही अमेरिका खंडांतून आलेल्या. जलपर्णीचे फूल देखणे असते, म्हणून तिचा फोटो ‘देशी’ म्हणून सर्रास फिरतो.