डिमसमआधी चहा

हाँगकाँगमध्ये डिमसमचा, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या पदार्थांचा, बेत ठरतो तो "यम चा" या शब्दांनी. अर्थ सरळ: चहा पिणे. बसताच वेटर आधी चहा विचारतो, पुएर की जास्मिन, आणि बिलात माणशी चहाचे पैसे वेगळे लागतात. नवखे त्यावरून हुज्जत घालतात. पण मुळात हे दुकान चहाचंच.

एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधल्या ग्वांगजौमध्ये कष्टकऱ्यांसाठी दोन 'ली'त, म्हणजे अगदी चिल्लर पैशांत, चहा देणारी साधी दुकानं होती. पुढे मजल्यांची चहागृहं आली. तिथलं 'ताओ ताओ जू' 1880चं. गिऱ्हाइकाची नेहमीची मागणी 'एक कप, दोन नग' अशी असायची. ते नग म्हणजे डिमसम, चहाची निव्वळ जोड. हाँगकाँगचं 'लुक यू' 1933 सालचं, आजही चालू आहे.

हार गौ, म्हणजे कोळंबीचं डिमसम, त्या मानाने अलीकडचं. ते 1920च्या दशकातलं मानतात. त्याची पारी आधी तांदळाच्या पिठाची आणि जाड असे. आता ती गव्हाच्या स्टार्चची करतात. आपण कुरडईसाठी चीक काढतो, त्याच जातीचा. त्यात थोडा टॅपिओका स्टार्च (साबुदाण्याचाच) घालून उकळतं पाणी एकदम ओततात. पाणी नुसतं गरम असेल तर पीठ शिजत नाही आणि पारी चुणी घालतानाच फाटते. मोदकाच्या उकडीचं दुखणं इथेही तेच. तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्याने गोळी दाबून पारी पसरवतात, एकाच बाजूला निदान सात चुण्या घालतात. वाफ पाच-सहा मिनिटं. जास्त झाली की पारी फुटते, कोळंबी रबरासारखी होते.

किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं. हाक मारायला लागत नाही. कुणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक. वेषांतर करून फिरणाऱ्या चीनच्या चिएनलुंग बादशहाची दंतकथा त्याला जोडतात: त्याने चहा ओतला, तर नोकराने ओळख फुटू नये म्हणून बोटांनीच नमस्कार केला. खरी असो-नसो, त्या गलक्यात गप्पा न तोडता आभार मानायची सोय झकास आहे.

दोघांनी जाण्यात फारसा अर्थ नाही, डिमसमच्या तीन-चार टोपल्यांतच पोट भरतं. चौघं बरे. हार गौ बहुधा चार येतात, पण छा सिउ बाउ, म्हणजे डुकराच्या मांसाचे पाव, पुष्कळदा तीनच. त्यांच्या दोन टोपल्या मागवा.